कृष्णविवरे आणि त्यांचे प्रकार : औंढ्याच्या वेधशाळेच्या निमित्ताने

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ, छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे दोनशे किलोमीटर अंतरावर, ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी मंजुरी दिली, त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांचा खर्च मान्य केला आणि पुढच्याच महिन्यात, ११ मे रोजी, तिची पायाभरणी झाली. नागनाथाच्या ज्योतिर्लिंगामुळे आणि संत नामदेव व विसोबा खेचर यांच्या कथेमुळे महाराष्ट्राला शतकानुशतके परिचित असलेले हे क्षेत्र यापुढे खगोलशास्त्राच्या जागतिक नकाशावरही येणार आहे, आणि ज्यांच्यामुळे ते तेथे येईल त्या वस्तू म्हणजे मुख्यत्वे कृष्णविवरे होत. ही वेधशाळा नेमका कशाचा वेध घेणार, हे समजण्यासाठी कृष्णविवर म्हणजे काय, ते कसे तयार होते आणि त्याचे प्रकार कोणत्या आधारावर पाडले जातात, हे आधी पाहावे लागते.

एखाद्या खस्थ वस्तूच्या गुरुत्वाकर्षणातून कायमचे निसटण्यासाठी जो किमान वेग लागतो त्याला मुक्तिवेग म्हणतात. पृथ्वीच्या पृष्ठभागावर तो सेकंदाला ११.२ किलोमीटर, तर सूर्याच्या पृष्ठभागावर सुमारे ६१८ किलोमीटर आहे. वस्तुमान तेवढेच ठेवून वस्तू दाबून लहान केली, तर तिच्या पृष्ठभागावरील मुक्तिवेग वाढत जातो, आणि एका मर्यादेनंतर तो प्रकाशाच्या वेगाएवढा, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर होतो. असा ‘काळा तारा’ असू शकेल, हा विचार इंग्लंडमधील जॉन मिशेल या धर्मोपदेशकाने १७८३ मध्येच मांडला होता. तथापि त्याला भक्कम गणिती पाया मिळाला तो आइनस्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानंतर. हा सिद्धांत १९१५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला आणि काही आठवड्यांतच, पहिल्या महायुद्धात रशियन आघाडीवर असलेल्या कार्ल श्वार्झशिल्ड या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने त्याच्या समीकरणांची पहिली नेमकी उकल शोधून काढली. तिच्यातून निष्पन्न होणारी त्रिज्या वस्तुमानाच्या थेट प्रमाणात असते : सूर्यासाठी ती सुमारे तीन किलोमीटर, तर पृथ्वीसाठी जेमतेम नऊ मिलिमीटर येते. एखाद्या वस्तूचे सगळे वस्तुमान या त्रिज्येच्या आत दाबले गेले की ती वस्तू कृष्णविवर होते, आणि त्या त्रिज्येवरील काल्पनिक गोलाला घटनाक्षितिज म्हणतात, कारण त्याच्या आत घडलेल्या घटनेची कोणतीही वार्ता बाहेर पोहोचू शकत नाही.

घटनाक्षितिज म्हणजे घन पृष्ठभाग नव्हे; तेथे भिंत नाही, पडदा नाही, आहे ती केवळ परतीची सीमा. कृष्णविवर आसपासचे सर्व काही ओढून गिळंकृत करते, ही सर्वत्र रूढ असलेली समजूतही चुकीची आहे. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आणून ठेवले, तर पृथ्वीवर अंधार आणि कडाका पसरेल हे खरे, परंतु तिची कक्षा तसूभरही बदलणार नाही, कारण दूरवरच्या ग्रहाला वस्तुमान कळते, ते किती जागेत कोंबले आहे हे कळत नाही.

निसर्गात एवढे दाबले जाणे खरोखर घडते काय, या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात मुंबई बंदरातून निघालेल्या एका जहाजावर झाली, असे म्हणता येते. १९३० च्या जुलैअखेर केंब्रिजला जाण्यासाठी मुंबईहून निघालेल्या एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी त्या प्रवासात श्वेत बटूंच्या, म्हणजे इंधन संपल्यानंतर आकसून पृथ्वीएवढ्या झालेल्या ताऱ्यांच्या, गणितात सापेक्षतेचा विचार आणला आणि असा तारा एका ठरावीक वस्तुमानापलीकडे स्थिर राहू शकत नाही, असे त्यांना आढळले. ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे. तिच्यापेक्षा जड गाभा आकसत गेला तर न्यूट्रॉन तारा होऊ शकतो, परंतु त्यालाही सूर्याच्या दोन-तीन पटींच्या आसपास मर्यादा आहे, आणि त्यापुढे आकुंचन थांबवणारे कोणतेही ज्ञात बल नाही. १९३५ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत विख्यात खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी या निष्कर्षाची जाहीर खिल्ली उडवली. एडिंग्टन यांचा दबदबा एवढा होता की त्यामुळे या विषयाची प्रगती रखडली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. चंद्रशेखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८३ मध्ये.

आकुंचनाच्या सिद्धांतात भारतीयांचा वाटा यापुढेही ठळक आहे, आणि तो मराठी वाचकाला जेवढा माहीत असावा तेवढा नाही. कोसळणाऱ्या पदार्थाचे सापेक्षतावादी गणित रॉबर्ट ओपेनहायमर आणि हार्टलँड स्नायडर यांच्या नावे ओळखले जाते. ते १९३९ चे आहे, परंतु त्याच स्वरूपाची उकल कोलकात्याच्या बी. दत्त यांनी १९३८ मध्येच प्रसिद्ध केली होती. मूळचे कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात सापेक्षतेचे अध्यापन करीत असताना गुजरातचे प्रल्हाद चुनीलाल वैद्य त्यांच्याकडे संशोधनासाठी आले आणि १९४३ मध्ये त्यांनी प्रारण उत्सर्जित करणाऱ्या ताऱ्याभोवतीचे गुरुत्वक्षेत्र कसे असेल याची उकल दिली; वस्तुमान सतत बदलत असलेल्या कृष्णविवराचा अभ्यास करताना आजही जगभर हीच उकल, ‘वैद्य मेट्रिक’ या नावाने, वापरली जाते. कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरी यांचे १९५५ चे समीकरण हाताशी होते म्हणूनच १९६५ मध्ये रॉजर पेनरोज यांना आणि त्यांच्यानंतर स्टीफन हॉकिंग यांना असे सिद्ध करता आले की, एकदा घटनाक्षितिजासारखी परिस्थिती निर्माण झाली की आत ‘सिंग्युलॅरिटी’, म्हणजे जेथे ज्ञात भौतिकीचे नियमच लागू पडत नाहीत अशी अवस्था, अटळ ठरते. विष्णू नारळीकर यांचे पुत्र जयंत नारळीकर यांनी हा विषय मराठी साहित्यातही आणला : १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावाने पाठवलेली त्यांची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली आणि तेथूनच त्यांच्या विज्ञानकथालेखनाला आरंभ झाला.

कृष्णविवरांचे वर्गीकरण दोन प्रकारे करतात. पहिले वर्गीकरण त्यांच्या अंगभूत गुणांवरून होते, आणि त्यातील आश्चर्याची बाब म्हणजे हे गुण फक्त तीन आहेत : वस्तुमान, परिवलन आणि विद्युतभार. जो तारा कोसळला तो कोणत्या मूलद्रव्यांचा होता, त्याचे तापमान किती होते, त्यावर कोणते डाग होते, यांपैकी काहीही शिल्लक राहत नाही. न फिरणाऱ्या आणि भाररहित कृष्णविवराला श्वार्झशिल्डचे नाव आहे. फिरणाऱ्या कृष्णविवराचे गणित न्यूझीलंडचे रॉय केर यांनी १९६३ मध्ये दिले. विद्युतभारित कृष्णविवराचीही उकल उपलब्ध आहे, परंतु अवकाशातील अशी वस्तू विरुद्ध भाराचे कण ओढून चटकन उदासीन होणार असल्याने तिला व्यवहारात फारसे स्थान नाही. प्रत्यक्ष विश्वात महत्त्व आहे ते केरच्या प्रकाराला, कारण तारे फिरतात आणि आकसताना त्यांची गती वाढते. अशा कृष्णविवराभोवती खुद्द अवकाशच त्याच्याबरोबर फरपटत फिरते, आणि त्या परिवलनात साठलेली ऊर्जा तत्त्वतः बाहेर काढता येते, हे पेनरोज यांनी १९६९ मध्ये दाखवले. ही प्रक्रिया प्रत्यक्ष खगोलात घडण्याजोगी नाही असे मत पुढे रूढ झाले होते. वाघ, धुरंधर आणि दधिच या भारतीय संशोधकांनी १९८५ च्या शोधनिबंधात चुंबकीय क्षेत्राचा विचार करून तिचे पुनरुज्जीवन केले.

कृष्णविवर स्थिर असते की हलक्याशा धक्क्यानेही विस्कटते, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनुत्तरित होता. बंगळुरूचे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी त्याचा छडा लावला आणि १९७० मध्ये असे दाखवले की, धक्का बसलेले कृष्णविवर, देवळातली घंटा वाजवल्यावर तिचा नाद घुमून हळूहळू विरावा तसे, ठरावीक कंप्रतेची कंपने उत्सर्जित करीत शांत होते. या नादाची पट्टी आणि तो विरण्याचा वेग ही दोन्ही केवळ वस्तुमान आणि परिवलनावरून ठरतात. म्हणजेच तो ऐकता आला तर न दिसणाऱ्या वस्तूचे वजन आणि तिची फिरकी दोन्ही मोजता येतील. विश्वेश्वरांनी हे गणित केले तेव्हा असा नाद ऐकू शकेल असे उपकरण पृथ्वीवर नव्हते.

दुसरे आणि अधिक प्रचलित वर्गीकरण वस्तुमानावरून होते. त्यातील पहिला वर्ग तारकीय कृष्णविवरांचा. सूर्याच्या वीस-पंचवीस पटींहून जड तारा आयुष्याच्या शेवटी कोसळतो, बहुधा सुपरनोव्हा स्फोटात त्याची बाह्य आवरणे उधळली जातात आणि सूर्याच्या काही पट ते काही दशपट वस्तुमानाचे कृष्णविवर मागे राहते. ते एकटे असेल तर जवळजवळ अदृश्यच. परंतु जोडीला तारा असेल तर त्याचा वायू कृष्णविवराभोवती तबकडीच्या रूपाने फिरत आत सरकतो, घर्षणाने कोट्यवधी अंश तापतो आणि क्ष-किरण उत्सर्जित करतो. हंस तारकासमूहातील ‘सिग्नस एक्स-१’ हे असे सापडलेले पहिले कृष्णविवर असून ते सुमारे ७,२०० प्रकाशवर्षे दूर आणि सूर्याच्या सुमारे २१ पट जड आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून सोडलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहाने अशा जोड्यांचा बारकाईने अभ्यास केला, आणि त्यावरील क्ष-किरण उपकरणांच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्राचा मोठा हात आहे. वायू न गिळणारी, केवळ जोडीदार ताऱ्याच्या डोलण्यावरून ओळखू येणारी कृष्णविवरे अलीकडे ‘गाया’ या युरोपीय दुर्बिणीच्या निरीक्षणांतून सापडली असून त्यांतील सर्वांत जवळचे सुमारे १,५६० प्रकाशवर्षांवर आहे.

दुसरा वर्ग महाकाय कृष्णविवरांचा. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रस्थानी सूर्याच्या लक्षावधी ते अब्जावधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असते. आकाशगंगेच्या केंद्रातील ‘सॅजिटेरियस ए स्टार’ सुमारे ४० लाख सूर्यांएवढे जड आहे, आणि हे वजन कुणा अंदाजावरून नव्हे, तर त्याभोवती दर १६ वर्षांनी एक फेरी पूर्ण करणाऱ्या एका ताऱ्याची कक्षा मोजून काढलेले आहे. या मापनासाठी राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना पेनरोज यांच्यासमवेत २०२० चे नोबेल मिळाले. साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरील ‘एम ८७’ दीर्घिकेतील कृष्णविवर त्याहून कैक पटींनी प्रचंड, सुमारे साडेसहा अब्ज सूर्यांएवढे आहे, आणि पृथ्वीभर विखुरलेल्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून घेतलेली त्याच्या छायेची प्रतिमा १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झाली. येथे एक बाब आवर्जून ध्यानात घ्यावी. त्रिज्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढत असल्याने घनफळ वस्तुमानाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि परिणामी कृष्णविवर जितके जड तितकी त्याची सरासरी घनता कमी. सूर्याएवढ्या कृष्णविवराची घनता अणुकेंद्रापेक्षाही अधिक भरेल, तर एम ८७ मधील कृष्णविवराची सरासरी घनता पृथ्वीवरच्या हवेपेक्षाही कमी भरते. म्हणूनच लहान कृष्णविवराजवळ जाणारी वस्तू क्षितिजापर्यंत पोहोचण्याआधीच ताणून फाटेल, परंतु महाकाय कृष्णविवराचे क्षितिज ओलांडताना तिला त्या क्षणी काही विशेष जाणवणारही नाही.

या महाकाय कृष्णविवरांची वाढ कशी झाली, हे आजच्या खगोलशास्त्रातील सर्वांत अवघड कोड्यांपैकी एक आहे. विश्वाच्या जन्मानंतर पन्नास कोटी वर्षे उलटण्याच्या आतच अशी कृष्णविवरे अस्तित्वात होती, असे जेम्स वेब आणि चंद्रा या अवकाश दुर्बिणींच्या निरीक्षणांवरून दिसते. त्यांतील दुसरीला चंद्रशेखर यांचेच नाव दिलेले आहे. एखाद्या ताऱ्याच्या कृष्णविवराला एवढ्या अल्पावधीत एवढे वाढणे कठीण. म्हणून प्रियंवदा नटराजन यांच्यासारखे संशोधक असे सुचवतात की, काही ठिकाणी वायूचा विराट ढग तारा न होता थेट कोसळून सुरुवातीलाच मोठे बीज तयार झाले असावे.

या दोन वर्गांमध्ये, सूर्याच्या सुमारे शंभर ते एक लाख पटींदरम्यान, मध्यम वजनाचा तिसरा वर्ग असायला हवा, परंतु त्याचे पुरावे फार विरळ आहेत. शिवाय सिद्धांतानुसार सूर्याच्या अंदाजे ६५ ते १२० पट वस्तुमानाची कृष्णविवरे ताऱ्यांपासून थेट होऊच नयेत, कारण तेवढ्या जड ताऱ्याच्या गाभ्यात प्रकाशकणांचे रूपांतर इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्यांत होऊ लागते, आधार देणारा दाब घटतो आणि तारा स्वतःला पूर्णपणे उधळून टाकतो. याच रिकाम्या पट्ट्यात २१ मे २०१९ रोजी नोंदल्या गेलेल्या एका टकरीने खळबळ उडवली : तिच्यातील दोन कृष्णविवरे सुमारे ८५ आणि ६६ सूर्यांची होती आणि त्यांचे मिळून १४२ सूर्यांचे झाले. २०२५ च्या जुलैमध्ये जाहीर झालेल्या आणखी एका टकरीतून तर सुमारे २२५ सूर्यांचे कृष्णविवर निर्माण झाल्याचे आढळले. आधीच्या टकरींतून जन्मलेली कृष्णविवरे पुन्हा एकमेकांवर आदळत असावीत, हे त्याचे सध्याचे सर्वाधिक पटणारे स्पष्टीकरण आहे.

चौथा वर्ग अजून केवळ कागदावर आहे. विश्वाच्या पहिल्या क्षणांत ताऱ्यांवाचूनच, घनतेच्या चढउतारांतून, डोंगराएवढ्या वस्तुमानाची आणि अणूहूनही लहान अशी आद्य कृष्णविवरे जन्मली असावीत, असे हॉकिंग यांनी १९७१ मध्ये सुचवले, आणि १९७४ मध्ये कृष्णविवरे मंदपणे प्रारण उत्सर्जित करून आटत जातात, असेही दाखवले. सूर्याएवढ्या कृष्णविवराचे तापमान निरपेक्ष शून्यापेक्षा अंशाच्या कोट्यवधीव्या भागानेच अधिक असल्याने त्याचे आटणे कधीही दिसणार नाही. आद्य कृष्णविवरे मात्र आज शेवटच्या स्फोटाच्या टप्प्यावर असू शकतात. असा एकही स्फोट आजवर दिसलेला नाही. कृष्णविवराची एन्ट्रॉपी, म्हणजे त्याच्या अंतर्गत अवस्थांची संख्या दर्शवणारी राशी, त्याच्या क्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात का असते, याचे सूक्ष्म पातळीवरील गणित ज्यांनी दिले त्यांत धुळे जिल्ह्यातील शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर आघाडीवर आहेत.

टकरींची वर उल्लेखिलेली मापे मिळाली ती गुरुत्वीय लहरींमुळे. परस्परांभोवती फिरणारी दोन कृष्णविवरे अवकाशात तरंग निर्माण करतात, त्यांत ऊर्जा गमावून जवळ येत जातात आणि शेवटी एक होतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड येथील लायगो वेधशाळांनी असा पहिला तरंग टिपला : १.३ अब्ज प्रकाशवर्षांवर ३६ आणि २९ सूर्यांची कृष्णविवरे मिळून ६२ सूर्यांचे एक झाले, आणि उरलेले तीन सूर्य सेकंदाच्या अल्पांशात लहरींच्या ऊर्जेत बदलून गेले. वेधशाळेची रचना काटकोनातील दोन भुजांची असते. प्रत्येक भुजा चार किलोमीटर लांबीची निर्वात नळी असते आणि तिच्या टोकाला काचतंतूंवर लोंबकळणारा ४० किलोग्रॅमचा आरसा असतो. एकाच लेसर किरणाचे दोन भाग दोन्ही भुजांत पाठवून परत आणले की भुजांच्या लांबीतील फरक कळतो, आणि पहिल्या नोंदीच्या वेळी हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढाच होता. एवढा क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढण्यासाठी अपेक्षित तरंगांचे हजारो गणिती नमुने आधीच तयार ठेवून नोंदींशी ताडून पाहावे लागतात, आणि या तंत्राचा पाया पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या सुमारास घातला. तेव्हा या लहरी कधी सापडतील याची कोणतीही खात्री नव्हती. त्या काळात या कामावर आयुष्य लावण्यास जे धैर्य लागले असेल, त्याची नोंद इतिहासाने ठसठशीतपणे घ्यायला हवी.

१४ जानेवारी २०२५ रोजी नोंदलेला तरंग आजवरचा सर्वांत स्पष्ट ठरला. टकरीपूर्वी दोन्ही कृष्णविवरांच्या क्षितिजांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होते, म्हणजे महाराष्ट्राच्या ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरांहून काहीसे कमी, आणि टकरीनंतर ते सुमारे ४ लाख झाले. वर सांगितलेले मंद आटणे वगळता क्षितिजाचे क्षेत्रफळ कधीही घटत नाही, या हॉकिंग यांच्या प्रमेयाला त्यामुळे भक्कम आधार मिळाला, आणि विश्वेश्वरांनी पंचावन्न वर्षांपूर्वी वर्तवलेली विरणारी कंपने इतक्या स्वच्छपणे मोजली गेली की नवे कृष्णविवर केरच्या गणिताबरहुकूम असल्याचे पडताळता आले.

महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांचे तरंग याहून फार संथ, एकेक हेलकावा अनेक वर्षे चालणारा, असल्याने ते लायगोच्या आवाक्याबाहेर आहेत. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांतील सूक्ष्म फरक नोंदवते, आणि तिच्या निरीक्षणांचा समावेश असलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने २०२३ च्या जूनमध्ये अशा संथ तरंगांचे पुरावे जाहीर केले.

औंढ्याची गरज कोठे भासते, ते आता स्पष्ट होईल. दोनच वेधशाळांनी नोंदलेला तरंग आकाशाच्या कोणत्या दिशेने आला हे नीट ठरवता येत नाही. पहिल्या नोंदीचा उगम सुमारे सहाशे चौरस अंशांच्या पट्ट्यात कोठेतरी होता, एवढेच सांगता आले. अमेरिकेपासून दूर, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला तेवढेच संवेदनशील तिसरे उपकरण असेल, तर तरंग पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून दिशा अनेक पटींनी अचूक काढता येते, आणि दुर्बिणी त्या दिशेला तातडीने वळवता येतात. लायगोच्या मूळ योजनेत हॅनफर्डला बसवायच्या दुसऱ्या उपकरणाचे भाग यासाठी भारताला मिळणार असून पुण्याचे आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम यंत्रणा हे काम करीत आहेत. सपाट जमीन आणि वाहतूक व कारखान्यांचा कमी गोंगाट या निकषांवर ही जागा निवडली गेली. २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्ये हिंगोली परिसराला साडेचार रिश्टरच्या आसपासचे धक्के बसले, तेव्हा जागेविषयी शंका येणे स्वाभाविक होते. परंतु असा धक्का उपकरणाला काही काळ विस्कळीत करतो, तर त्याचा खरा शत्रू असतो तो जमिनीचा अहोरात्र चालणारा सूक्ष्म कंप, आणि आरसे एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लंबकांवर टांगलेले असतात ते त्यासाठीच.

वेधशाळा कार्यान्वित होण्यास २०३० किंवा त्यानंतरचा काळ उजाडेल. तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही, कारण लायगोच्या नोंदी इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुल्या आहेत आणि १४ सप्टेंबर २०१५ चा तो तरंग साध्या संगणकावर, थोड्या पायथन प्रोग्रॅमिंगच्या बळावर, कुणालाही स्वतः शोधून काढता येतो. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील आणि हिंगोली-परभणीच्या महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र, गणित व संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग याच सत्रात करून पाहावा, आणि शिक्षकांनी त्याला प्रकल्पकार्यात स्थान द्यावे.